अडीच सुताचा घोळ: बुलेटच्या क्रँककेसचा आटा पुन्हा पुन्हा का जातो

बाबांची १९७४ सालची साडेतीनशे बुलेट नौपाड्यात आमच्या इमारतीखाली उभी असते. गेल्या दीड वर्षात तिचा एकच नट चार वेळा सैल झाला: गिअरबॉक्सचा खालचा उजवा. दर वेळी कुणीतरी क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनच्या खालच्या ओतीव खोक्यातला, आटा दुरुस्त करून दिला आणि दर वेळी दोन-तीनशे किलोमीटरांत तो परत गेला. चौथ्या वेळी इंजिन खाली उतरवलं आणि आधी कारण शोधायचं, मगच ड्रिल हातात घ्यायचं असं ठरवलं. ज्यांच्या जुन्या गाडीत हाच त्रास आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. गाडी बुलेटच असली पाहिजे असं नाही. ॲल्युमिनियमच्या केसमध्ये पोलादी स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेली बिनडोक्याची सळई) किंवा बोल्ट जिथे जिथे जातो तिथे बहुतेक गोष्टी लागू पडतात.

जुन्या बुलेटची रचना आधी डोळ्यासमोर आणू. तिचा गिअरबॉक्स थेट क्रँककेसच्या पाठीला चार स्टडांवर नटांनी आवळलेला असतो. तो मागे-पुढे सरकवता येत नाही, म्हणूनच या गाडीत प्रायमरी चेनचा (इंजिनकडून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या चेनचा) ताण चेनखालच्या पट्टीने ठरतो. ती पट्टी वर-खाली करायची, गिअरबॉक्स जागचा हलवायचा नाही. त्यामुळे चारपैकी एक स्टड जरी ढिला पडला तरी गिअरबॉक्स केसाएवढा तिरका होतो, चेन सरळ रेषेत धावत नाही, चेनकेसमधून घरघर सुरू होते, आणि उरलेल्या तीन स्टडांवर त्यांच्या वाट्याचा नसलेला भार येतो. ७० मि.मी. बोअर, ९० मि.मी. स्ट्रोक, ३४६ सी.सी.चा एकच सिलिंडर. हादरे किती बसतात ते चालवणाऱ्याला सांगायला नको.

आधी बघा, नक्की काय सुटतंय

नट सैल झाला की आपण सरळ "आटे गेले" म्हणतो. तसं असेलच असं नाही. नेलपॉलिश घ्या. नट आवळून झाल्यावर स्टडच्या टोकापासून नटावरून खाली गिअरबॉक्सच्या धातूपर्यंत एक सलग रेघ ओढा. पन्नासेक किलोमीटर गाडी चालवा आणि रेघ तपासा.

स्टडवरची रेघ जागेवर आहे पण नटावरची सरकली आहे, म्हणजे नट एकटा फिरला. दोष नटात, वॉशरमध्ये किंवा आवळण्यात आहे. क्रँककेसला हात लावायची गरज नाही. स्टड आणि नट दोन्ही मिळून फिरले असतील तर स्टड केसमध्ये फिरतोय. आणि रेघेच्या तिन्ही तुकड्यांपैकी काहीच फिरलेलं नाही, तरीही नटाखाली फट दिसते किंवा वॉशर बोटाने हलतो, तर स्टड आट्यांसकट हळूहळू बाहेर ओढला जातोय. माझ्या गाडीत तिसरा प्रकार होता. स्टड काढला तेव्हा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली, पेन्सिल तासल्यावर निघते तशी.

आणखी एक खूण आहे. आवळताना पाना हळूहळू जड होत जातो आणि एका जागी ठाम थांबतो, ते निरोगी भोक. जड होता होता मध्येच मऊ वाटायला लागला, अजून पाव फेरा गेला, अजून पाव, तर त्याच क्षणी थांबा. टॉर्क पान्याचा (ठरवलेल्या जोराला आवाज करणाऱ्या पान्याचा) "टक" आवाज येईल म्हणून वाट बघत बसलात तर उरलेले आटेही जातील.

अडीच सूत म्हणजे काय

स्टड घेऊन वागळे इस्टेटला ज्या काकांकडे नेहमी लेथचं काम करतो त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, अडीच सुताचा आटा नवा पाडून द्या. त्यांनी स्टड हातात घेतला, उजेडाला धरला आणि म्हणाले, "आटा पाडून देतो हो, पण आत कुठला होता आणि तुम्ही कुठला घालणार, ते आधी सांगा. अडीच सूत ही जाडी झाली. दात किती?"

सगळा उलगडा त्या एका प्रश्नात होता. आपल्याकडे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत म्हणजे ३/८ इंच, अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, अर्थात ७.९४ मि.मी. सुताच्या हिशोबात आट्यांची संख्या येतच नाही. आणि ५/१६ इंचाच्या आसपास, डोळ्यांना एकसारखे दिसणारे निदान पाच वेगळे आटे आहेत. व्हिटवर्थचा जाडा आटा, बी.एस.डब्ल्यू., इंचाला १८ दात. बी.एस.एफ., २२ दात. सायकल आटा म्हणतात तो बी.एस.सी., २६ दात. अमेरिकन यू.एन.एफ., २४ दात. आणि हल्ली सगळीकडे मिळणारा आठ मिलीमीटरचा मेट्रिक आटा, एम ८, ज्याचा पिच (दोन दातांमधलं अंतर) १.२५ मि.मी., म्हणजे इंचाला जेमतेम २०. शिवाय दाताचा कोनही वेगळा. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्याचा कोन ५५ अंश, बी.एस.एफ.चाही तोच. मेट्रिक, यू.एन.एफ. आणि सायकल आट्याचा मात्र ६० अंश.

बुलेट मद्रासमध्ये १९५५ पासून जुळू लागली, पण तिचा आराखडा इंग्लंडमधल्या रेडिचचा, रॉयल एनफील्डच्या मूळ कारखान्याचा. ब्रिटनमधल्या कारखानदारीचा मेट्रिककडे बदल १९६५ मध्ये सुरू झाला. त्यामुळे जुन्या बुलेटमध्ये इंचातले आटे आहेत, तेही एका जातीचे नाहीत. एकाच स्टडच्या दोन टोकांना दोन वेगळे आटे असतात: ॲल्युमिनियममध्ये जाणारं टोक जाड आट्याचं, कारण मऊ धातूला जाड दात लागतो, आणि नटाचं टोक बारीक आट्याचं. यझदी, राजदूत, आरएक्स १०० या गाड्या मिलीमीटरच्या, तिथे हा घोळ होत नाही. बुलेटचा मालक मात्र हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "अडीच सूत" म्हणतो आणि दुकानदार प्रामाणिकपणे एम ८ किंवा १८ दातांचा बोल्ट काढून देतो. दोघांचंही बरोबर असतं, आणि तरी भोक मरतं.

कसं ते आकड्यांत बघा. माझ्या गाडीत शेजारच्या शाबूत भोकात आटे मोजायचा गेज लावला तर २२ चं पातं बसलं. म्हणजे पिच १.१५ मि.मी. एम ८ चा १.२५. एका दातामागे एक दशांश मिलीमीटरचा फरक. एम ८ चा स्टड २२ च्या भोकात पहिले दोन-तीन फेरे बोटाने जातो. पाचव्या-सहाव्या फेऱ्याला तो अर्धा दात पुढे असतो, म्हणजे पोलादाचा दात ॲल्युमिनियमच्या दाताच्या डोक्यावर. तिथे माणूस पाना लावतो. पोलाद जिंकतं. स्टड आत जातो, घट्टही वाटतो, कारण तो अडकलेला असतो. हादऱ्यांनी ते अडकलेपण संपलं की धरायला काहीच उरत नाही.

माझ्या गाडीत कुणीतरी कधीतरी हेच केलं होतं. त्यानंतरच्या तीन दुरुस्त्यांचा हिशोबही लगेच लागला. पहिल्या गॅरेजने "आटा साफ केला", म्हणजे २२ च्या भोकात एम ८ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला. त्याने दोन्ही आट्यांचे अर्धे अर्धे दात उरले. ती दुरुस्ती तीनशे किलोमीटर टिकली. दुसऱ्यांदा टेफ्लॉन टेप आणि लॉक लावायचं द्रव, ते घोडबंदरच्या एका फेरीत गेलं. तिसऱ्यांदा दोन भागांचा इपॉक्सी लेप भरून त्यात स्टड उभा केला. लेप पाण्याच्या टाकीला, गळक्या पाइपला चांगला. इथे गरम तेल आहे, हादरे आहेत आणि ओढ आहे. वर तो पुढच्या माणसाचं काम दुप्पट करतो, कारण ड्रिल लेपाकडे घसरतं.

म्हणून पहिलं काम: आट्यांचा गेज आणि व्हर्निअर विकत घ्या. मुंबईत नागदेवीला दोन्ही मिळतात, आणि इंचाचा व मिलीमीटरचा असे दोन्ही गेज लागतात. शाबूत शेजारी भोक मोजा, शाबूत शेजारी स्टड दोन्ही टोकांना मोजा, वहीत लिहा. गाडीबद्दल कुणी काय सांगितलं, पुस्तकात काय छापलंय, ते बाजूला ठेवा. पन्नास वर्षांत त्या भोकात कोण कोण काय काय करून गेलंय ते फक्त गेज सांगतो.

उपाय कोणता निवडायचा

भोकाच्या तळाशी चांगले आटे उरले असतील तर नुसता लांब स्टड पुरतो. आत टॉर्च मारून बघा, सायकलच्या आऱ्याचं टोक वाकवून आतून खरवडत आणा. टोक अडकत अडकत आलं तर दात आहेत. ॲल्युमिनियममध्ये आट्याची पकड जाडीच्या दीडपट ते दुप्पट हवी. आठ मिलीमीटरच्या स्टडला १२ ते १६ मि.मी. त्याहून कमी असेल तर या उपायाच्या नादी लागू नका.

पुढचा मोठा आटा पाडणं, म्हणजे अडीचचं तीन सूत करणं, सगळ्यात जास्त केलं जातं आणि मला सगळ्यात कमी आवडतं. भोकाभोवतीची भिंत पातळ होते, गिअरबॉक्सच्या कानातलं (स्टड जातो त्या उंचवट्यातलं) भोकही मोठं करावं लागतं, आणि पुढच्या वेळी मोठं करायला जागा राहत नाही.

आरगॉन वेल्डिंगने भोक भरून नव्याने पाडणं हा शेवटचा मार्ग. कान तुटला असेल किंवा भेग असेल तर पर्यायच नाही. पण पन्नास वर्षं तेल प्यायलेलं ओतीव ॲल्युमिनियम वेल्डला त्रास देतं, बुडबुडे येतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजारांच्याही वर, त्यामुळे कच्च्या हाताखाली वर पापुद्रा तसाच आणि खाली धातूचं पाणी असा प्रकार होतो. उष्णतेने जोडाचा सपाट पृष्ठभाग वाकला तर तो परत घासून आणावा लागतो. नुसत्या गेलेल्या आट्यासाठी एवढं करू नये.

उरले दोन: हेलिकॉइल आणि बुश. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग, जी मोठ्या आट्यात बसते आणि आतून मूळ मापाचा आटा देते. बुश म्हणजे बाहेरून आणि आतून आटे असलेली भरीव नळी, लेथवर करून घेता येते. एम ८ च्या हेलिकॉइलला ८.३ मि.मी. ड्रिल लागतं. माझं भोक बिघडून बिघडून जास्तीत जास्त ८ मि.मी. झालं होतं, म्हणजे ८.३ च्या ड्रिलमध्ये जुने, मेलेले, लेप भरलेले सगळे दात निघून नवा कोरा धातू मिळणार होता. कुणी आधीच तीन सूत पाडून ठेवलं असतं तर भोक साडेनऊ झालं असतं, आणि हेलिकॉइलच्या टॅपला चावायला धातू राहिला नसता. तिथे बुशच, बाहेरून एम १२.

आता खरा प्रश्न. २२ दातांच्या अडीच सुताचं हेलिकॉइल मला इथे सहज मिळेना. एम ८ चं कुठेही मिळतं. इंचाच्या गाडीत मिलीमीटर घालायचं का? याच घोळाने तर भोक मेलं होतं. बराच विचार करून मी हो म्हटलं, ते फक्त हे स्टडचं भोक आहे म्हणून. स्टडचं आतलं टोक एकदा बसलं की ते कुणी काढत नाही, आणि बाहेरचं टोक मी मूळ मापाचंच ठेवणार होतो, म्हणजे नट, पाना सगळं पूर्वीसारखं. दर सर्व्हिसला काढ-घाल होते असा बोल्ट असता, झाकणाचा किंवा तेल काढायच्या बुचाचा, तर मी मूळ आट्याचा बुश करून घेतला असता, वेळ लागला तरी. तिथे उद्या कुणीतरी जुन्या मापाचा बोल्ट आणणार आणि परत तेच होणार.

भोक सरळ पाडणं

हेलिकॉइल चांगलं असूनही पुन्हा सुटतं त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: हातात धरलेल्या ड्रिलने पाडलेलं तिरकं भोक. दोन अंश तिरकं डोळ्याला दिसत नाही, पण स्टडच्या टोकाशी गिअरबॉक्सचं भोक चुकतं, मग कुणीतरी हातोडीने गिअरबॉक्स बसवतो, आणि स्टड पहिल्या दिवसापासून वाकलेला राहतो.

यासाठी काकांनी सुचवलेली पाटी ही या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट. १२ मि.मी. जाडीची पोलादी पाटी घेतली. उतरवलेला गिअरबॉक्स तिच्यावर ठेवून त्याच्या चारही भोकांतून पंचाने खुणा केल्या. तीन खुणांवर शाबूत स्टड जेमतेम जातील अशी भोकं पाडली. चौथीवर ८.३ मि.मी. आतल्या भोकाची, ४० मि.मी. उंचीची जाड नळी काटकोनात बसवली. ही पाटी क्रँककेसच्या पाठीवर तीन चांगल्या स्टडांवर चढवायची आणि नट लावून आवळायची. मग ड्रिल नळीतूनच जातं. ते ना सरकतं, ना झुकतं. चौथं भोक कुठे हवं हे उरलेले तीन स्टड सांगतात. केस ड्रिल मशिनच्या टेबलावर बांधायची सोय असेल तर फारच उत्तम, पण भोकाची जागा ठरवायला पाटी तिथेही लागते. इंजिन फ्रेममध्ये ठेवून हे करायचा मोह सोडा, मागून ड्रिल सरळ धरायला जागाच होत नाही.

ड्रिल किती खोल जाणार हे आधी ठरवा. बुलेटमध्ये याला वेगळं महत्त्व आहे: तिची तेलाची टाकी वेगळी नसते, क्रँककेसच्याच मागच्या भागातल्या कप्प्यात तेल असतं. स्टडच्या भोकापलीकडे काही मिलीमीटरांवर तेल आहे हे धरूनच चाला. तळ फोडलात तर गाडी जन्मभर त्या स्टडमधून पाझरेल. माझ्या भोकाची खोली २२ मि.मी. भरली. ड्रिलला नळीची उंची आणि पाटीची जाडी धरून टेप गुंडाळली आणि तेवढ्यावर थांबलो, जुन्या तळाला स्पर्शही केला नाही. हेलिकॉइल १६ मि.मी. लांबीचं घेतलं, जाडीच्या दुप्पट.

ॲल्युमिनियम कापताना रॉकेल घालावं, नाहीतर धातू ड्रिलच्या धारेला चिकटतो आणि भोक खरखरीत होतं. ड्रिल सावकाश, वारंवार बाहेर काढून. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की कीस त्यातच अडकून बाहेर येतो. क्रँककेसची बाकी सगळी तोंडं आधी चिंध्यांनी आणि टेपने बंद केली होती. टॅप मारताना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि तळाचे शेवटचे आटे काढायला सपाट टोकाचा टॅप. किटमध्ये बहुधा एकच निमुळता टॅप येतो. बंद तळाच्या भोकात तो शेवटचे तीन-चार आटे अर्धवट ठेवतो आणि हेलिकॉइल तिथे अडकतं, म्हणून दुसरा टॅप वेगळा घ्यावा.

टॅप झाल्यावर भोक पेट्रोलने धुवा, हवा मारा, सुकू द्या. हेलिकॉइल आत घालताना ते पृष्ठभागाच्या अर्धा फेरा खाली जाईपर्यंत फिरवा. खाली दाबू नका, त्याला त्याच्या गतीने जाऊ द्या. दाबलं तर एक वेढा उडी मारून पुढच्या आट्यात जातो. शेवटी खालची आडवी शेपटी पंचाच्या एका हलक्या ठोक्याने तोडायची आणि चिमट्याच्या टोकाला ग्रीस लावून बाहेर काढायची. ती बाहेर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. भोकात राहिली तर स्टड तिच्यावर टेकतो.

मग खात्री. एक लांब एम ८ सळई हाताने आत फिरवली आणि गुण्या लावून दोन बाजूंनी पाहिलं. उजेडाची फट दिसली नाही. त्या रात्री शांत झोप लागली.

नवा स्टड

स्टड काकांनी एन २४ पोलादाच्या टेंपर केलेल्या सळईतून केला. आतलं टोक एम ८, बाहेरचं टोक शेजारच्या स्टडप्रमाणे अडीच सूत, २६ दात. त्यांच्या जुन्या लेथचा लीड स्क्रू इंचातला आहे, त्यामुळे २६ पाडणं त्यांना सोपं गेलं. मिलीमीटरच्या नव्या लेथवर गिअर बदलत बसावं लागलं असतं. बाहेरच्या टोकाच्या तोंडावर करवतीने एक बारीक आडवी खाच करून घेतली. ती खूण आहे: आतलं टोक वेगळ्या मापाचं. गाडीच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून पक्क्या रंगाने तेच लिहून ठेवलंय. माझ्यानंतर ज्याच्या हातात ही गाडी जाईल त्याला शोधाशोध करायला लागू नये.

स्टड बसवताना भोकात थेंबभर तेलही राहता कामा नये. बंद भोकात तेल असलं की स्टड आत जाताना पंपासारखा दाब तयार होतो आणि कान फुटतो. मध्यम ताकदीचं लॉक लावायचं निळं द्रव फक्त स्टडच्या आट्यांवर लावलं, दोन नट एकमेकांवर घट्ट करून स्टड हलक्या हाताने आत नेला. तळाला टेकवून आवळायचा नाही. टेकायच्या आधी थांबायचं. चोवीस तास तसाच ठेवला.

गिअरबॉक्स चारही स्टडांवर हाताने, एका अंगठ्याच्या दाबाने शेवटपर्यंत गेला. इथे हातोडी आठवली तर समजा भोक चुकलंय, थांबा आणि परत मोजा. नट तिरक्या जोड्यांनी, दोन टप्प्यांत आवळले. आठ मिलीमीटरच्या स्टडला ॲल्युमिनियममध्ये २० ते २२ न्यूटन-मीटर पुरतात. बारीक आट्याचा नट तेवढ्याच टॉर्कला जास्त ओढतो, म्हणून मी १८ वर थांबलो. टॉर्क पाना नसेल तर रद्दीवाले वापरतात तसला स्प्रिंगचा काटा पान्याच्या टोकाला अडकवा. नटाच्या मध्यापासून २० सेंटीमीटरवर, पान्याला काटकोनात ९ किलोची ओढ म्हणजे १८ न्यूटन-मीटर. झाकणांच्या एम ६ स्क्रूंना १० पुरतात: १५ सेंटीमीटरवर ७ किलो. लोकांच्या हाताला हे आकडे फार कमी वाटतात. लांब पान्यावर सगळं अंग टाकून आवळायची सवय ट्रकच्या चाकाला ठीक आहे.

मग प्रायमरी चेनचा ताण पुन्हा बघितला. गिअरबॉक्स कित्येक महिन्यांनी सरळ बसला होता, त्यामुळे जुना ताण आता चुकीचा होता. मागच्या चाकाची रेषाही तपासली.

बाकीचे गुन्हेगार

भोक उत्तम झालं तरी दुसरीकडे काही सैल असेल तर ते परत जाईल. मी फ्रेम आणि इंजिनमधल्या प्लेटांचे सगळे आरपार स्टड, वरचा हेडचा आधार आणि खालचा मोठा स्टड, सगळं त्याच दिवशी तपासलं. हेडचा आधार अर्धा फेरा सैल निघाला. किती दिवस तसा होता कोण जाणे, पण इंजिन वरून डुलत असेल तर खालच्या स्टडांना ते रोज हलवतं.

ठाण्याच्या हवेबद्दल एक वेगळी सूचना. खाडी जवळ, पावसाळा चार महिने, गाड्या इमारतीखाली ओल्या फरशीवर. हौसेने चकचकीत स्टेनलेसचे ॲलन बोल्ट घातलेल्या जुन्या गाड्या मी खूप बघतो. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र, मध्ये खारट ओल, की ॲल्युमिनियम गंजतं. बोल्टाभोवती पांढरी पूड दिसते. तो बोल्ट नंतर सुटतो तेव्हा आट्यांसकट सुटतो. स्टेनलेस घालायचेच असतील तर आट्यांवर तांब्याचं ग्रीस पुसटसं लावा, आणि ग्रीस लावल्यावर टॉर्क थोडा कमी ठेवा, कारण घसरत्या आट्यावर तेवढ्याच हाताने ओढ जास्त बसते. पाऊस संपला की एकदा सोडून परत आवळा. इंजिन गरम असताना मात्र कुठलाच नट आवळू नका. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, गरम इंजिनवर ठरवलेला घट्टपणा थंड झाल्यावर तोच राहत नाही.

पन्नास किलोमीटरनंतर गाडी रात्रभर थंड करून पहिला तपास केला, तीनशेनंतर दुसरा. दोन्ही वेळा १८ वर पाना लगेच बोलला. मधल्या काळात कल्याणमार्गे मुरबाडला दोन फेऱ्या झाल्या, गायमुखच्या चढावर पावसात खड्ड्यांतून गेलो. आज काट्यावर साडेअकराशे किलोमीटर झालेत, चेनकेसची घरघर गेली आहे, स्टडच्या बुडाशी तेलाचा ओलावा नाही आणि नेलपॉलिशची लाल रेघ अजून सलग आहे. वरच्या डाव्या स्टडची रेघ मात्र नटाशी किंचित तुटलेली दिसते. फक्त नट फिरलाय, स्टड जागेवर आहे. या रविवारी तो नट काढून आधी गेज लावणार आहे.